उलट बाजू पाहणारे मास्तर

माझी पदवी हातात घेऊन ती आधी उलट बाजूने पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. मी बी.कॉम. झालो तेव्हा विद्यापीठाकडून मिळालेला तो जाड कागद घेऊन उमरेडच्या आमच्या विणकर आळीत घरोघर फिरलो. लपवत नाही, फिरलो. लोकांनी हात धुऊन, कोरडे करून तो कागद धरला. एका म्हातारीने त्याला हळदकुंकू लावायला घेतलं, ते मी कसंबसं थोपवलं. मास्तरांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला, कागद पालथा केला, त्याच्या कोऱ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मागून काहीच नाही?"

मी म्हटलं, मागून काय असणार.

"मले काय माहीत गा. शिकला तू," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारेनासे झाले. म्हणायचे बीकॉम. "ये बीकॉम, बस बीकॉम, चहा पेतं का बीकॉम." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं, पण शिकवलं त्यांनी कुणालाच नाही. ते आमच्या विणकर सोसायटीत माल तपासायचे. आळीतल्या मागांवर विणलेलं प्रत्येक लुगडं, प्रत्येक धोतर त्यांच्या टेबलावरून जायचं. विणकर समोर हात बांधून उभा. मास्तर कापड उलटं करायचे, डोळे मिटायचे आणि उजवा अंगठा काठावरून सरकवत न्यायचे. अंगठा थांबला की विणकराचा श्वास थांबायचा. मग डोळे न उघडता एकच शब्द यायचा, "परत." कारण विचारलं तर म्हणायचे, सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असते, खरं काय ते उलट बाजूले असते. एक धागा चुकला तरी परत. माझ्या बापाचं एक लुगडं त्यांनी तीनदा परत केलं. मी तेव्हा अकरावीत होतो आणि मी ते लक्षात ठेवलं. पुढे मी त्याच सोसायटीत सेक्रेटरी म्हणून लागलो, तेव्हा मास्तरांचं टेबल माझ्या खुर्चीच्या समोर होतं. मला त्याचा आनंद झाला, हेही लपवत नाही.

कापडाचं एक वेळ समजू शकतो. पण हा माणूस जगातली प्रत्येक वस्तू उलट बाजूने पाहायचा. लग्नाची पत्रिका आली की आधी मागची बाजू. गणपती बसला की आरती होईपर्यंत दम नाही, मांडवाच्या मागे जाऊन मूर्तीची पाठ पाहून यायचे आणि सगळ्यांना सांगायचे, मागून गवत दिसते. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा मुलाने नवा कोट घातला होता. मास्तरांनी त्याला अगदी गोड आवाजात कोट काढायला लावला, अस्तर तपासलं, शिवण ओढून पाहिली आणि घरात वळून म्हणाले, "अस्तर चांगलं हाय. पोहे आणा." ते लग्न झालं, आणि जावई पुढे चांगलाच निघाला. त्यामुळे मास्तरांचा आपल्या पद्धतीवरचा विश्वास आणखी वाढला.

अशा माणसाची एक बढाई होती. त्यांच्या वडिलांनी पूर्वी एका बड्या जमीनदाराच्या, म्हणजे आमच्याकडच्या मालगुजाराच्या, घरासाठी एक रेशमी साडी विणली होती. तांबडा पदर आणि त्यावर हिरव्या राघूंची रांग. बारा राघू, एकेक धागा बोटाने उचलून विणलेले, सगळे एकाच दिशेला पाहणारे. मालगुजाराने ती साडी कुठल्याशा साहेबाला भेट दिली, साहेबाने ती नागपूरच्या अजबखान्यात म्हणजे म्युझियममध्ये दिली, आणि ती आजही तिथे काचेत आहे, असं मास्तर चाळीस वर्षं सांगत आले होते. वर हेही असायचं की, आमच्या घरातून एक चुकीचा धागा कधी बाहेर गेला नाही. ज्यांचा माल परत व्हायचा, त्यांना हे वाक्य हमखास ऐकावं लागायचं. पण ती साडी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आळीत एकही नव्हता. मास्तर स्वतः तरी गेले होते का? विचारलं की म्हणायचे, आपल्या बापाचं काम पाहाले तिकीट कोण काढीन?

लोक तोंडावर हो म्हणत आणि पाठीमागे हसत. मीही हसणाऱ्यांत होतो.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या एका पावसाळ्यात जबलपूरला हातमागाच्या कापडाचं प्रदर्शन होतं. सोसायटीने भाड्याची जीप ठरवली. आम्ही तिघं निघालो. मी, मास्तर आणि जीपचा ड्रायव्हर. जीपचं छत कापडी होतं आणि ते मास्तरांनी निघायच्या आधीच नापास केलं होतं. उमरेड सोडलं आणि पाऊस सुरू झाला. छत गळायला लागलं. मास्तर मागे लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर बसले, छत्री उघडली आणि ती गठ्ठ्यांवर धरली. स्वतः भिजत राहिले. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने छताची शिवण चाचपत ते ड्रायव्हरला सारखे विचारत होते की हे कोणी शिवलं, त्याचं नाव सांग. ड्रायव्हर नागपूरचा होता. त्याने आरशातून बघत सांगितलं, "चाचा, नाव घेऊन काय करता? तो मरून गेला." मास्तर म्हणाले, बरं झालं.

नागपुरात पोचलो तर बातमी आली की पुढे नदीच्या पुलावरून पाणी चाललंय, गाड्या थांबवल्यात. ड्रायव्हर म्हणाला, पानी उतरल्याशिवाय काही खरं नाही, आजचा दिवस गेलाच समजा. त्याची बहीण इतवारीत राहायची. गठ्ठे तिच्या घरी पलंगावर रचले आणि पलंगाखाली मास्तरांनी स्वतः हात घालून ओल नाही ना ते पाहिलं. ड्रायव्हर वायपर दुरुस्त करायला जाणार होता. आता दिवसभर करायचं काय?

मला वाटतं, त्या क्षणाची मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो. मी अगदी साळसूदपणे म्हटलं, मास्तर, चला ना, तुमच्या बाबांची साडी पाहून येऊ.

मास्तर धोतराचा सोगा पिळत होते. पिळतच राहिले. मग म्हणाले, ओल्या कपड्यानं जाणं बरं दिसन का? मी म्हटलं, आपण लग्नाला थोडेच चाललो. ते म्हणाले, बंद असंन. ड्रायव्हर म्हणाला, खुला आहे, मी सोडून देतो दोघांना. झालं.

मी आयुष्यात अजबखाना पाहिला तो असा. बाहेर पाऊस कौलांवर आदळत होता आणि आत आमच्यासारखीच पावसात अडकलेली दहापाच माणसं ओल्या पावलांचे ठसे उमटवत फिरत होती. मास्तरांनी दारातच चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, घाला, चालते. मास्तर म्हणाले, "इतके देव हायेत आतमधी, अन् चपला घालू?" शेवटी चपला काखेत धरून ते सगळीकडे फिरले.

मी मनात हिशेब केला होता की अर्ध्या तासात कापडाची खोली गाठू आणि अर्ध्या तासात सोक्षमोक्ष लागेल. पण मास्तर पहिल्याच दालनात पेंढा भरलेल्या वाघासमोर थांबले आणि हलेनात. आधी डावीकडून पाहिलं. मग उजवीकडून. मग पुन्हा डावीकडून, ओठ हलवत. मी विचारलं काय मोजता, तर म्हणाले पट्टे. दोन्ही बाजूंचे पट्टे जुळत नव्हते. इकडे एक जास्त होता.

"वाघच तसा असंल मास्तर," मी म्हटलं.

"असंन. पण सोसायटीत आला असता तं परत केला असता."

मग ते गुडघ्यावर बसून वाघाच्या पोटाखालची शिवण बघू लागले. पहारेकरी धावत आला. हा पहारेकरी पोक्त, भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याची परीक्षा होती. वाघापासून उठवलं तर मास्तर दगडी मूर्तींच्या दालनात गेले आणि विष्णूच्या मूर्तीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत आडवे शिरायला लागले. मूर्तीची पाठ पाहायची होती. पहारेकऱ्याने त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. मास्तरांनी त्याला समजावून सांगितलं की, कारागिराने देवाची पाठ घडवलीच नाही, नुसता दगड ठेवला. पहारेकरी म्हणाला, बाबाजी, देव पुढूनच पाहाचा असते. यावर मास्तरांनी त्याला विचारलं की देव तुह्याकडे पाठ करून उभा राहिला तं तुले कसा ओळखू येईन? पहारेकरी खरोखर विचारात पडला. दुपारी तो आमच्याबरोबर व्हरांड्यात आलूबोंडे खायला बसला, तेव्हाही अधूनमधून मान हलवत होता.

तलवारी झाल्या, नाणी झाली, पक्ष्यांची अंडी झाली. प्रत्येक ठिकाणी मास्तर इतका वेळ काढत की जणू प्रत्येक अंडं त्यांना पास-नापास करायचं होतं. मी दोनदा कापडाच्या खोलीकडे वळलो आणि दोनदा त्यांनी मला परत बोलावलं. एकदा म्हणे हा शिलालेख वाचून दाखव. मला तो येत नव्हता. "बीकॉममधी हे नाही शिकवत?" दुसऱ्यांदा म्हणे थकलो, बसतो. ज्या माणसाला मी कधी दुपारची डुलकी घेतानाही पाहिलं नव्हतं, तो अजबखान्याच्या बाकड्यावर पाऊण तास बसून राहिला.

मला आतून गुदगुल्या होत होत्या. थाप पकडली जाणार म्हणून म्हातारा वेळ काढतोय, हे कुणालाही कळलं असतं. मी म्हटलं, बसा, मी पुढे होऊन पाहतो. ते झटकन उठले.

चार वाजले होते. पहारेकरी एकेक खिडकी लावत होता. कापडाची खोली लहान होती, दिवा पिवळा. मी काचा शोधत गेलो आणि तिसऱ्या कपाटापाशी थबकलो. तांबडा पदर. हिरवे राघू. मी एकदम मोजायला लागलो. खरं सांगतो, त्या क्षणी माझा चेहरा पडला असणार. बारा भरले.

"मास्तर, बारा आहेत."

मास्तर माझ्या मागे, दोन हात दूर उभे होते. तिथूनच म्हणाले, "सातव्याची मान पाह्य."

मी पाहिलं. अकरा राघू समोर पाहत होते. सातव्याचं अंग समोर होतं, पण मान मागे वळलेली. चोच पाठीकडे. बारीक काम होतं, सांगितलं नसतं तर मला दिसलं नसतं.

"वळली आहे," मी म्हटलं.

"मंग आमची नाही," मास्तर म्हणाले.

खाली चिठ्ठी होती. मी वाचून दाखवली. रेशमी साडी, पदरावर राघूंची रांग, विणकर अज्ञात. मास्तर म्हणाले, अज्ञात आडनावाचं कोणी आमच्या आळीत नाही. आणि चपला काखेत घेऊन बाहेर निघाले. दिवसभर वाघापासून विष्णूपर्यंत सगळ्यांची पाठ पाहायला धडपडलेल्या माणसाने त्या एका वस्तूची उलट बाजू मागितली नाही. हे मला खटकायला हवं होतं. पण मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला काही खटकत नाही.

माझा निष्कर्ष असा झाला. यांनी तरुणपणी केव्हातरी ही साडी इथे पाहिली असणार, बाहेर येऊन ती बापाच्या नावावर चढवली असणार, आणि आज शिकलेल्या माणसासमोर ते खोटं रेटायची हिंमत झाली नाही. जबलपूर झालं, परत आलो, आणि दुसऱ्याच दिवशी मी चहाच्या टपरीवर सांगून टाकलं. साडी आहे, पण यांची नाही. मी नाही म्हणत, मास्तर स्वतः म्हणाले.

आळीला इतकी मेजवानी पुरेशी होती. ज्यांचं लुगडं कधी ना कधी परत आलं होतं, अशी माणसं मुद्दाम सोसायटीत यायला लागली. मास्तर, अजबखान्यातली साडी उडून गेली का? राघू होते म्हणता ना. मास्तर कापडावर अंगठा फिरवत राहत. लोक हसून झाले की मास्तर म्हणत, "परत." तेवढं मात्र पूर्वीसारखंच होतं.

एका विणकराने तर तोंडावर सांगितलं की खोट्या माणसानं आमचा माल तपासू नये. मास्तर म्हणाले, "खोटा माणूस राहू दे. धागा खोटा हाय का खरा, तेवढं सांग." तो धागा खोटाच होता.

हे सगळं मी समोरच्या खुर्चीतून पाहत होतो आणि मला वाटलं होतं तेवढी मजा येत नव्हती.

दोनेक महिने गेले असतील. एका शनिवारी सोसायटी बंद करताना मास्तर माझ्या टेबलापाशी आले. उद्या नागपूरला येतो का, विचारलं. मी म्हटलं, काहून?

"तुह्या काकूले वाघ दाखवाचा हाय. तिकीटबिकीट तू काढजो. मले त्या खिडकीतलं समजत नाही."

आता मास्तर नाहीत, काकूही गेल्या, ती सोसायटीही बंद पडली. त्यामुळे त्या रविवारचं सांगायला हरकत नाही.

काकू म्हणजे मास्तरांच्या बायको. जन्मभर कांड्या भरलेल्या, म्हणजे मागाला लागणारं सूत नळ्यांवर गुंडाळून देणाऱ्या. बोलणं कमी आणि जे असायचं ते कात्रीसारखं. एसटीत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि का नाही ते मला माहीत होतं. त्यांच्या नवऱ्याला गावात खोटं पाडलं ते मी. मास्तरांशीही त्या बोलत नव्हत्या. चाळीस वर्षं ज्या साडीच्या गोष्टी ऐकल्या, ती आपली नाहीच, हे त्यांना नवऱ्याकडून नाही, नळावरच्या बायांकडून कळलं होतं.

ऊन पडलं होतं. तोच पहारेकरी दारात होता. त्याने मास्तरांना ओळखून हात जोडले आणि विष्णूच्या मूर्तीपुढे जाऊन उभा राहिला, खबरदारी म्हणून. पण मास्तरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वाघावरून सरळ निघून गेले. ते पुढे, काकू मागे, आणि मी त्यांच्या मागे, थेट कापडाच्या खोलीत, तिसऱ्या कपाटापाशी.

"पाह्य," मास्तर म्हणाले.

काकूंनी नाक काचेला टेकवलं. त्या मोजत नव्हत्या. डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवली आणि बोट सातव्यावर ठेवलं.

"हा असा काहून?"

मास्तर माझ्याकडे न बघता, काचेकडे बघत बोलले. आवाज अगदी हळू होता, पण खोलीत आम्हीच तिघं होतो.

"पदर विणून राहिलो होतो, इकडून मी अन् तिकडून बाबा. सगळ्यायच्या माना विणाच्या राहिल्या होत्या. त्या दिवशी तू पहिल्यांदा नांदाले आली. आंगणातून गेली, सूत घेऊन. मी वळून पाह्यलं." त्यांनी सातव्या राघूकडे हनुवटी केली. "त्यानंबी पाह्यलं."

बाबांच्या ते ध्यानात आलं तेव्हा मालगुजाराचा माणूस साडी न्यायला दारात बसलेला होता. उसवायला वेळ नव्हता. बाबा फक्त सुनेकडे एकदा पाहून हसले आणि साडी घडी करून दिली. एवढं मास्तरांनी सांगितलं.

मला कळेना की तोंड कुठे करावं. म्हणजे त्या पावसाच्या दिवशी हा माणूस साडी नसेल म्हणून घाबरत नव्हता. असेल म्हणून घाबरत होता. मी म्हटलं, मास्तर, माझं चुकलं, उद्या सकाळी टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो की साडी तुमचीच आहे.

"नोको सांगू."

"अहो, लोक तुम्हाला खोटं म्हणतात."

"म्हणू दे. तू सांगशीन, मंग सगळी आळी एसटीत बसून इथी येईन. त्याची मान पाहीन. मंग मी कोणाचं लुगडं कोणत्या तोंडानं परत करू, बीकॉम?"

मी काकूंकडे पाहिलं, की निदान त्यांनी तरी काही म्हणावं. काकू अजून काचेला नाक लावूनच होत्या. त्या राघूला नीट पाहून घेत होत्या, पिसापिसाने. मग सरळ उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अन् हे सोसायटीत आलं असतं तं?"

मास्तरांनी राघूकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. उजवा अंगठा काचेवरून हळूच सरकत गेला आणि सातव्यापाशी थांबला.

"परत केलं असतं," ते म्हणाले.

"मंग बराबर हाय," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या श्वासाने धुरकटलेली तेवढी काच पदराच्या टोकाने पुसायला लागल्या.